स्वयंसेवकाचे पत्र कोणासाठी? परदेशी सेवाकार्याच्या वाङ्मयाचा विचार

परक्या देशात जाऊन, तेथील लोकांत राहून, निर्वाहापुरत्या भत्त्यावर काही काळ काम करणारा स्वयंसेवक ही विसाव्या शतकाने घडवलेली व्यक्तिरेखा आहे. मिशनऱ्याशी तिचे नाते उघड आहे, पण धर्मांतर हा तिचा हेतू नाही. १९२० साली पिएर सेरेझोल या स्विस शांततावाद्याने व्हर्दँजवळच्या उद्ध्वस्त एस्न गावी आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवले. १९३४ च्या भूकंपानंतर हेच सेरेझोल गावे पुन्हा उभारण्यासाठी बिहारात आले. पुढे १९५८ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक व मोरा डिक्सन यांनी 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था सुरू केली आणि १९६१ साली केनेडी यांनी 'पीस कोअर' स्थापन केले. हा इतिहास सर्वपरिचित आहे. या चळवळीने जे विपुल लेखन निर्माण केले त्याच्याकडे मात्र तौलनिक साहित्याभ्यासाने प्रवासवर्णनाचा एक उपप्रकार एवढ्याच दृष्टीने पाहिले. माझ्या मते या लेखनाचा खरा प्रश्न प्रवासाचा नाही, संबोधनाचा आहे. ते कोणाला उद्देशून लिहिले जाते, हे ठरले की त्यात काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हेही बरेचसे ठरते.

पीस कोअरच्या कायद्यात तीन उद्दिष्टे आहेत. गरजू देशांना प्रशिक्षित मनुष्यबळ देणे हे पहिले. तेथील लोकांना अमेरिकन माणसांची नीट ओळख व्हावी हे दुसरे. तिसरे उद्दिष्ट साहित्याच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे आहे : अमेरिकन लोकांना इतर समाजांची अधिक चांगली जाण यावी. म्हणजे घरी पत्र लिहिणे, परतल्यावर सांगणे, हा या सेवेचा आनुषंगिक भाग नसून कायद्याने सोपवलेले कार्यच आहे. जगाच्या विकासप्रश्नांचे शिक्षण घेणारा विद्यार्थी येथे स्वयंसेवक आणि त्याचे वाचक हे दोघे आहेत. यजमान समाज हा त्या शिक्षणाचा विषय. तो वाचक असेल अशी कल्पना या रचनेत कोठेच नाही.

ही त्रुटी पहिल्याच वर्षी उघडी पडली. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियातील इबादान येथे प्रशिक्षण घेत असलेल्या एका तरुण स्वयंसेविकेने अमेरिकेतील मित्राला पोस्टकार्ड लिहिले. शहरातील दैन्य, मागासलेले राहणीमान, रस्त्यावरच चाललेले स्वयंपाक आणि व्यवहार यांविषयी आश्चर्याची काही वाक्ये त्यात होती. कार्ड टपालात पडण्याआधीच हरवले आणि एका नायजेरियन विद्यार्थ्याला सापडले. त्याच्या प्रती निघाल्या, विद्यार्थ्यांनी निषेधसभा घेतली, पीस कोअर परत जावे अशी मागणी झाली. स्वयंसेविकेने क्षमा मागितली व ती मायदेशी परतली. नायजेरिया स्वतंत्र होऊन त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते.

या प्रसंगाची चर्चा बहुधा शिष्टाचाराच्या अंगाने होते : तिने असे लिहावयास नको होते. ही चर्चा मला अपुरी वाटते. त्या कार्डातील मजकूर त्या काळातील कोणत्याही खाजगी पत्रातील मजकुरापेक्षा फार वेगळा नव्हता. वेगळे घडले ते एवढेच की ज्याच्याविषयी लिहिले होते त्याने ते वाचले. ज्याचे वर्णन व्हावयाचे तो इंग्रजी वाचणारा, विद्यापीठात शिकणारा आणि प्रत काढून वाटणारा निघाला. वाचक बदलताच तोच मजकूर अपमान झाला. उत्तर-वसाहतवादी समीक्षेने पुढे मोठमोठ्या ग्रंथांतून जे सांगितले, ते येथे एका पोस्टकार्डावर मावले आहे.

याच पीस कोअरचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९६१ ते १९७६ या काळात त्याचे स्वयंसेवक भारतात होते. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी परिचारिका म्हणून मुंबईजवळ विक्रोळीच्या औद्योगिक वसाहतीत आल्या. प्रशिक्षणात त्यांना मराठी शिकवण्यात आली होती. आरंभी कुटुंबनियोजनाचे काम त्यांच्याकडे होते, पुढे त्या दवाखान्यात काम करू लागल्या. त्यांची घरी पाठवलेली पत्रे 'अवे फ्रॉम होम' या नावाने १९७७ साली, मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. कुटुंबासाठी लिहिलेल्या मजकुराला अशा रीतीने एकदम राष्ट्रव्यापी वाचकवर्ग मिळाला. या पत्रांत प्रांजळपणा आहे, एकटेपणा आहे, थकवाही आहे, आणि ती वाचनीय आहेत यात शंका नाही. तरी विक्रोळी येथे 'घरापासून दूर' असलेली जागा म्हणूनच येते, हे शीर्षकच सांगते. दवाखान्याच्या दारात रांग लावून उभ्या असलेल्या बायांसाठी तेच घर होते.

२० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच यांनी उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर जे भाषण केले, ते 'टू हेल विथ गुड इंटेन्शन्स' या नावाने आजही स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात वाचले जाते. (ज्यांना येऊ नका म्हणून सांगितले त्यांनीच ते पाठ्य करावे, हा विनोद इलिच यांनाही कदाचित आवडला असता.) त्यांचा मुद्दा भाषेशी निगडित होता. खेड्यातील माणसाशी ज्याला त्याच्या भाषेत बोलता येत नाही, त्याला आपण काय करतो आहोत आणि लोक आपल्याविषयी काय म्हणतात, हे कळणारच नाही. या, पाहा, शिका, पण मदत करण्यासाठी येऊ नका, असा त्यांचा रोख होता. 'शिकणे' आणि 'मदत करणे' यांची ही फारकत मला पूर्णतः मान्य नाही, कारण केवळ शिकण्यासाठी येणाराही यजमानांचा वेळ आणि श्रम घेतोच. त्याचे मोल कोण चुकवणार? विद्यार्थी परदेशी सेवाकार्यासाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागावयास येतात. त्यांच्या अर्जांत 'मला काय मिळेल' याचे उत्तर सविस्तर असते. तेथील भाषा किती येते, हा रकाना बहुधा एका शब्दात भरलेला असतो.

इबादानच्या विद्यार्थ्यांनी निषेध केला. त्या निषेधाच्या पलीकडचे उत्तर बेसी हेड यांच्या कादंबऱ्यांत आढळते. १९६४ साली दक्षिण आफ्रिका सोडून त्या बोट्स्वानातील सेरोवे गावी आल्या. तेथे त्या स्वतःच निर्वासित, उपऱ्या होत्या, आणि परदेशी स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकल्पांच्या सान्निध्यात राहत होत्या. 'अ क्वेश्चन ऑफ पॉवर' (१९७३) मध्ये भाजीच्या मळ्यावर शिकवणारी कॅमिला ही डॅनिश स्त्री येते. स्थानिक शिकाऊ कामगारांना काही समजत नाही असे गृहीत धरून ती अखंड बोलत राहते. त्याच कादंबरीत टॉम हा पीस कोअरचा अमेरिकन तरुणही आहे. तो श्रम करतो, गप्पा मारतो, वाद घालतो, आणि नायिका एलिझाबेथचे मन ढासळत असता तिचा मित्र राहतो. परदेशी माणूस सरसकट वाईट ठरवण्याची सोय लेखिकेने स्वतःला ठेवलेली नाही. मळ्यात केप गूजबेरीची, म्हणजे आपल्याकडच्या रसभरीची, रोपे लावली जातात. परकी वनस्पती त्या मातीत रुजते, आणि तिचा मुरंबा गावात विकला जातो. येथे परका तोलला जातो तो त्याच्या हेतूवर नव्हे, सहवासावर. पॉल थरू यांची 'द लोअर रिव्हर' (२०१२) शेजारी ठेवली तर फरक कळतो. मलावीत १९६३ ते १९६५ या काळात पीस कोअरमध्ये काम केलेल्या या लेखकाचा नायक कित्येक वर्षांनी आपल्या जुन्या गावी परततो आणि गावाचा बंदी होतो. भ्रमनिरासाची ही कथा प्रभावी आहे, पण तिच्यात गाव पुन्हा एकदा स्वयंसेवकाच्या आत्मशोधाचे नेपथ्य बनते.

मराठी वाचकाला येथे द्वारकानाथ कोटणीस आठवल्यावाचून राहणार नाहीत. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. विकासकार्यासाठी नव्हे, युद्धातील जखमींसाठी. शिवाय १९४२ साली तो चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सभासदही झाला, तेव्हा तटस्थ सेवकाचा नमुना म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणे चुकीचे ठरेल. आपल्यापर्यंत तो पोहोचला तोही ख्वाजा अहमद अब्बास यांच्या इंग्रजी पुस्तकातून आणि व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या हिंदी चित्रपटातून, म्हणजे मायदेशासाठी रचलेल्या कथेतूनच. परंतु कोटणीस चिनी बोलावयास, वाचावयास आणि लिहावयास शिकले. बेथ्यून रुग्णालयाचे संचालक असताना ते शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. ते घरच्यांसाठी नव्हते. ते ज्यांच्यात राहिले त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्याच भाषेत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले तेव्हा ते अपुरेच होते.