माजलगावच्या अंगणातले चार्जिंग

माजलगावातल्या नोकरदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या गाडीचा हिशोब मांडला, तर त्यात दोनच प्रकारची अंतरे सापडतात. रोजची म्हणजे घर ते मोंढा, मुलांची शाळा, शेतावरची चक्कर, तेलगावचा साखर कारखाना, फार तर परळी किंवा बीडला जाऊन संध्याकाळी परत. क्वचितची म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या मुलीकडे, संभाजीनगरच्या दवाखान्यात, लातूरच्या लग्नाला. पहिली वर्षभर चालतात पण छोटी असतात, दुसरी मोजकी पण लांबची.

प्लग-इन हायब्रिड गाडी जन्माला आली ती नेमकी याच गरजेपोटी. तिच्यात इंजिनही असते आणि घरच्या सॉकेटवर भरता येईल अशी बऱ्यापैकी मोठी बॅटरीही. सुरुवातीचे काही किलोमीटर विजेवर, ती संपली की पेट्रोलवर. चीनच्या बीवायडी कंपनीने अशी एफ3डीएम ही गाडी 2008 च्या डिसेंबरात बाजारात आणली. 2010 मध्ये अमेरिकेत शेवरोलेची व्होल्ट आली. भारतात मात्र ही जात व्होल्वो, बीएमडब्ल्यू अशा आलिशान घराण्यांपुरतीच दिसत आली. रस्त्यावर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा हायब्रिड असल्या तरी त्यांना बाहेरून वीज देता येत नाही. त्यांची बॅटरी इंजिन आणि ब्रेकच भरतात, म्हणजे शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलचीच.

त्यामुळे माजलगावात सॉकेटला लागणारी गाडी हवी असेल, तर टियागो, नेक्सॉन, विंडसर अशा पूर्ण विजेच्या गाड्यांकडेच वळावे लागते. ज्या घरात चालू स्थितीतली जुनी डिझेल गाडी आहे, त्यांनी ती घाईने विकू नये. विजेची गाडी तालुक्यात फिरावी आणि लांबच्या प्रवासाला डिझेलची निघावी. जे काम परदेशातले ग्राहक एका गाडीकडून करून घेतात, ते इथे दोन गाड्या मिळून करतात, आणि तेही कमी पैशात.

पण गाडीपेक्षा घरातली वायर महत्त्वाची आहे. शोरूममध्ये रंग, सनरूफ, पडद्याचा आकार यांवर तासभर बोलणे होते. अर्थिंगबद्दल दोन मिनिटेही होत नाहीत. नव्या मालकाला पहिला दणका बसतो तो इथेच.

गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर गीझरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि सुमारे 3.3 किलोवॅट वीज ओढतो. गीझर मात्र वीस मिनिटांत बंद होतो आणि गाडी रात्रभर ओढत राहते. टियागोची 24 किलोवॅट-तासांची बॅटरी अशा सॉकेटवर जवळजवळ भरायला कंपनीच्याच आकड्यांनुसार पावणेनऊ तास लागतात. सॉकेटच्या आतला स्क्रू जरा जरी सैल असला, तरी इतक्या वेळात तिथे उष्णता साठत जाते. प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग तपकिरी होते, मग वास येऊ लागतो. म्हणून मीटरपासून थेट अंगणापर्यंत 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी वायर, तिला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी, आणि चांगल्या प्रतीचा औद्योगिक सॉकेट एवढा खर्च करावाच. खिडकीतून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणे हा सरळ धोका आहे. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून पाहावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

मग अर्थिंग. जमिनीशी नीट जोडणी नसेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घेतच नाही. नवा मालक घाबरतो, गाडीच बिघडली असे समजून शोरूमला फोन लावतो. दोष बहुतेक वेळा अंगणातल्या खड्ड्यात असतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालते. एप्रिल-मे महिन्यांत तीच माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि तिची वीज वाहण्याची ताकद घटते. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते. नव्या घरांत रासायनिक भरावाची अर्थिंग करतात, तिला ही देखभाल कमी लागते. काहीही करा, पण वायरमनकडून रोध मोजून घ्या. तो 5 ओहमच्या आत असावा.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. संध्याकाळी सात ते दहा या वेळात गावातले पंखे, कूलर, टीव्ही, मिक्सर एकदमच चालू असतात आणि डीपीवर ताण येतो. 230 व्होल्टला 15 अँपिअर ओढले तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज मिळते. दाब 180 वर उतरला की तीच 2.7 किलोवॅटवर येते, आणि काही चार्जर तर एवढ्या कमी दाबाला थांबूनच जातात. बऱ्याच गाड्यांत वेळ लावून ठेवण्याची सोय असते. ती रात्री अकराची लावावी. दाबही सुधारतो आणि शेजाऱ्यांच्या कूलरचा घासही काढून घेतला जात नाही.

घरी गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्याच जोडणीवर ती भरता येते. मात्र महावितरणकडे घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा. 7.2 किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा असेल, तर तीन फेजची जोडणी घेतलेली बरी. माजलगावच्या रोजच्या धावपळीला एवढ्या वेगाची गरज क्वचितच पडते. आणि एका बाबतीत माजलगावकर पुण्याच्या फ्लॅटवाल्यापेक्षा नशीबवान आहे: गाडी स्वतःच्या दारात उभी राहते, सॉकेटसाठी सोसायटीच्या सभेत हात जोडावे लागत नाहीत.

आता बिलाचे. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी छोटी विजेची गाडी चार्जिंगमधली गळती धरून साधारण दीडशे युनिट खाते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि गाडीचे युनिट नेमके वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. तरी युनिटला 15 रुपये धरले तर सव्वादोन हजार होतात. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतरासाठी पावणेसात हजारांच्या आसपास मोजावे लागतात. ऑइल, क्लच, सायलेन्सर यांचा खर्च नाहीच.

प्लग-इन हायब्रिडमध्ये मात्र हा फायदा प्लग लावला तरच मिळतो. युरोपीय आयोगाने 2024 च्या मार्चमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांतून थेट नोंदवलेली माहिती जाहीर केली. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्षातले कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सुमारे साडेतीनपट निघाले. मुख्य कारण साधे होते: लोक गृहीत धरले होते तितक्या वेळा गाडी चार्ज करत नव्हते, पेट्रोल भरून चालवत होते. उद्या अशा गाड्या भारतात स्वस्त झाल्या, तर हा धडा इथेही आधीच घेतलेला बरा.

लांबच्या रस्त्याचे चित्र हळूहळू बदलते आहे. माजलगाव कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गावर आहे. हाच रस्ता पाथर्डीवरून अहिल्यानगरला जातो. एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ 1 जून 2022 रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावरच सुटली. 1948 मध्ये एसटीची पहिली बसही त्याच मार्गावर धावली होती. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी ठेवली आहे. तरीही पुण्याचा सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास छोट्या बॅटरीवर काढायचा, तर वाटेतल्या चार्जरपाशी थांबा आधीच ठरवून निघावे, आणि एक बंद असला तर दुसरा कुठला हेही पाहून ठेवावे. मे महिन्यात एसी चालू ठेवून पळवली की कंपनीने सांगितलेल्या पल्ल्यातून बराच भाग वजा होतो.

वीज येते कुठून, हा प्रश्न बीड जिल्ह्यात टाळता येत नाही. परळीचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते, आणि 2013 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले होते. उन्हाची मात्र इथे कधीच टंचाई नसते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या छतावरील संचाला 78 हजार रुपये अनुदान आहे. असा संच महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट देतो, म्हणजे गाडीचे दीडशे वजा जाता घरालाही दोनशे उरतात. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातल्या वापरावर दरात सवलतही मिळू लागली आहे. ज्यांची गाडी दुपारी दारातच उभी असते, त्या दुकानदारांनी, निवृत्त शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनी चार्जिंगची वेळ रात्री अकराऐवजी दुपारी बाराची लावावी. गाडी तेवढी सावलीत उभी करावी.