पणतीपुरती जागा

आमच्या कशेळीत खाडीकाठची भातशेती जाऊन गोदामे आली. आजोबांनी घरामागचा एक तुकडा मात्र विकला नाही. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. १९७१च्या १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरच्या वेढ्यातून निसटू पाहणारी पाकिस्तानी फौज अडवणाऱ्या 'जंगी पलटणी'त ते होते. आम्हा नातवंडांची दप्तरे तपासणारे, बुटांना पॉलिश करून देणारे आजोबा स्वतःचा पराक्रम कधी सांगत नसत. "जे परतले नाहीत, त्यांचं कोण सांगणार?" एवढेच म्हणत. त्यांच्या नावाने दरवर्षी त्या तुकड्यावर एक पणती लावत. आता आजोबा नाहीत. जमिनीला भाव आहे, घरात बोलणी सुरू आहेत. पैसा कुणाला नको असतो? पण पणतीपुरती हातभर जागा तरी राखावी, एवढाच आम्हा नातवंडांचा हट्ट आहे.