नाकाचे माप आणि उचलीची वही

विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्यांपुढे वंश हा आता माणसाच्या अंगचा गुण म्हणून ठेवला जात नाही. ही कल्पना कोणी मांडली, तिचा फायदा कोणाला झाला, हे तपासायला शिकवले जाते. लिंगभावाचेही तसेच. जोन स्कॉट यांच्या 1986च्या निबंधानंतर हा विषय ‘इतिहासातील स्त्रिया’ एवढ्या प्रकरणापुरता उरला नाही. सत्तेची वाटणी कशी झाली, हे समजून घेण्याचे ते साधन झाले.

कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांचा इतिहास लिहायला बसले, की दोन्ही प्रश्न लगेच समोर येतात. 1882च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते) या जमातीचे वर्णन आहे. ते सरकारी अंमलदारांच्या नजरेतून उतरलेले आहे. पुढे हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड मांडली आणि 1901ची जनगणना त्यांच्याच देखरेखीखाली झाली. मुंबई विद्यापीठातील गो. स. घुर्ये यांनी 1932च्या ग्रंथात मापांचाच आधार घेऊन दाखवले, की ही उतरंड सगळीकडे लागू पडत नाही.

घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे त्याआधीच बर्लिनला जाऊन आल्या होत्या. वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध नाही, हा निष्कर्ष कर्वे यांनी त्यांच्याच संस्थेत मांडला. त्याला धाडस लागले असणार. मात्र महाराष्ट्रात परतल्यावर त्यांनीही माणसांची शारीरिक मापे घेतली. विद्याशाखेची सवय एका प्रबंधाने सुटत नाही.

मापांच्या तक्त्यांत न दिसणारी गोष्ट जंगलाची आहे. 1878च्या वन कायद्यानंतर खैरापासून कात काढणे आणि दळीची (झाडी तोडून-जाळून केलेल्या डोंगरउतारावरच्या शेतीची) नाचणी-वरई पिकवणे यांवर बंधने आली. कातकऱ्यांना कोळसाभट्टी आणि वीटभट्टीची वाट धरावी लागली, ती अशा कारणांमुळे; ‘स्वभावाने भटके’ हे उत्तर सोयीचे होते, एवढेच.

वीटभट्टीवर मजूर जोडीने लागतो. पावसाळा सरल्यावर उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते आणि हजार विटांमागे हिशेब होतो. पुरुष साचा मारतो. बाई माती कालवते, गोळे पुरवते, कच्च्या विटा वाहते, शिवाय चूल आणि मूल सांभाळते. वहीत मात्र सहसा नाव पुरुषाचे असते. पुढे ती वही हाच पुरावा मानला, तर निम्मे काम इतिहासातून गळते.

म्हणून तोंडी इतिहासाला महत्त्व आले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव एकत्र वाचण्याचा आग्रह धरला. एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे केंद्र 1974मध्येच उभे राहिले होते.

कर्जतजवळच्या कशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या कामातून वाड्यांखालच्या जमिनीचा प्रश्न पुढे आला. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे 2013चे पुस्तक त्यावरच आहे. अनेक वाड्या पिढ्यान् पिढ्या एकाच जागी आहेत, पण सातबारा दुसऱ्याच्या नावे असल्याने जमिनीचे भाव वाढताच उठवले जाण्याची भीती असते. इथे संशोधकाला सातबारा वाचावा लागतो, आणि घर कोणी, कधी बांधले हे वाडीतल्या म्हाताऱ्यांइतकेच म्हाताऱ्यांच्या बायकांनाही वेगळे बसवून विचारावे लागते.