‘पाचारण’ कसे सापडते? पंडिता रमाबाई आणि त्यांचे मार्गदर्शक

सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी दौंड ओलांडून पुढे निघाली की केडगाव लागते. पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन याच गावात आहे. निराधार स्त्रिया आणि मुलांसाठीची ही संस्था अनेकांना ऐकून माहीत असते. हे काम आपलेच आहे, असे रमाबाईंना कसे उमगले, याची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

मराठी ख्रिस्ती लोक यासाठी ‘पाचारण’ हा शब्द वापरतात. देवाने एखाद्याला विशिष्ट कामासाठी बोलावणे, असा त्याचा अर्थ. चर्चमधल्या तरुणांना हा प्रश्न हमखास पडतो: माझे पाचारण कोणते? त्यांना बहुधा प्रार्थना करण्याचा आणि अनुभवी व्यक्तीशी बोलण्याचा सल्ला मिळतो. पण या अनुभवी व्यक्तीने नेमके काय करायचे असते? रमाबाईंच्या आयुष्यात याचे उत्तर सापडते.

बायबलमध्ये असे नाते आहे का?

आहे. पौलाने तरुण तीमथ्याला सोबत घेतले, प्रवासात कामे सोपवली आणि पुढे पत्रे लिहून धीर दिला. पण त्याआधी पौलालाही कोणीतरी हात दिला होता. यरुशलेमेतले शिष्य त्याला घाबरत होते, तेव्हा बर्णबा त्याला त्यांच्याकडे घेऊन गेला. पुढे अंत्युखियातल्या कामासाठीही त्यानेच पौलाला शोधून आणले. नंतर मार्कवरून दोघांचा तीव्र वाद झाला आणि ते वेगळ्या वाटांनी गेले. म्हणजे नाते खरे असले तरी त्यात मतभेद होऊ शकतात, हे बायबलही लपवत नाही.

रमाबाई इंग्लंडला का गेल्या?

डॉक्टर होण्यासाठी. त्यांचा जन्म १८५८ चा. आई-वडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही. त्याच वर्षी त्या लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहू लागल्या. त्यांना कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत मात्र बारगळला.

ठरवलेली वाट बंद झाली होती. अशा वेळी त्यांच्या आयुष्यात तीन प्रकारचे मार्गदर्शक आले.

पहिला प्रकार: काम दाखवणारे

वाँटेजच्या सिस्टरांनी रमाबाईंना लंडनमधील फुलम येथे नेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी तिथे त्यांचे आश्रयगृह होते. अशा स्त्रियांना कोणी मायेने सांभाळते, हे रमाबाईंनी कधी पाहिले नव्हते. असे करायला तुम्हाला काय भाग पाडते, असे त्यांनी एका सिस्टरला विचारले. उत्तरादाखल सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला. त्यात विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणारा येशू भेटतो.

रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात या अनुभवाला मोठे स्थान आहे. पुढे केडगावात त्यांनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ सुरू केले. कोणी ‘तुझे पाचारण हे आहे’ असे त्यांना सांगितले नव्हते. त्यांना कामापाशी नेले गेले, आणि प्रश्न त्यांनीच विचारला.

दुसरा प्रकार: वाद घालू देणारे

नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, हे स्वतः ख्रिस्ती झालेले चित्पावन शास्त्री होते. संस्कृत दर्शनांमध्ये मुरलेल्या रमाबाईंना त्यांनी त्याच परंपरेतला युक्तिवाद दिला. त्यांच्या लेखनाने आपले समाधान झाले, असे रमाबाईंनी नोंदवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

तरी प्रश्न संपले नाहीत. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांना शंका होत्या. त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये शिकत आणि संस्कृतही शिकवत. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा याविषयी लांबलचक पत्रव्यवहार झाला. बील यांनी शंकांना उद्धटपणा मानले नाही. या बाईला विचार करायला मोकळीक हवी, हे त्यांनी ओळखले होते.

तिसरा प्रकार: आज्ञापालन मागणारे

सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या आध्यात्मिक आई मानल्या जात. छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणे. पण रमाबाईंनी चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारावी, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंचा शाकाहारही त्यांना जातीचा अभिमान वाटे. पुरुषांना शिकवण्याची संधी आली तेव्हा बिशपांनी आक्षेप घेतला आणि जेराल्डिनही त्यांच्याच बाजूने होत्या. रमाबाईंनी ठामपणे कळवले की, मोठ्या कष्टाने मिळवलेले स्वातंत्र्य त्या सोडणार नाहीत.

तरीही हे नाते तुटले नाही. दोघींचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालला. ही पत्रे जेराल्डिन यांनीच जपून ठेवली आणि संकलित केली. १९७७ मध्ये ती मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज रमाबाईंची बाजू आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळते, ती त्यामुळेच. माया आणि अधिकार गाजवणे एकाच व्यक्तीत नांदू शकते, हे या पत्रांतून स्पष्ट दिसते.

मग पाचारण कधी स्पष्ट झाले?

एका क्षणात नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, ही जाणीव बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी झाली, असे त्यांनी पुढे लिहिले. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वादातून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. त्यातून केडगावचे काम वाढत गेले. ज्या दुष्काळाने त्यांना पोरके केले होते, तशाच दुष्काळातली माणसे आता त्यांच्या दारी होती.

रमाबाई स्वतः कशा मार्गदर्शक होत्या?

शारदा सदनच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. पण विधवांच्या शिक्षणाचे काम कर्वे दांपत्याने पुढे नेले. रमाबाईंच्या सदनातून निघालेली वाट अशी त्यांच्या धर्माबाहेरही गेली.

मनोरमा आईच्या कामात सहभागी झाली. याच लोहमार्गावर सोलापूरच्या पुढे असलेल्या गुलबर्ग्यात तिने मुलींच्या शाळेसाठी पुढाकार घेतला. १९२१ मध्ये ती वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.

आज मार्गदर्शक शोधताना काय पाहावे?

पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, एखादी वयस्कर मावशी किंवा निवृत्त परिचारिका, कोणीही मार्गदर्शक होऊ शकते. त्यांच्याकडे जाताना चार गोष्टी पाहाव्यात:

- ते नुसता उपदेश करतात, की प्रत्यक्ष कामाजवळ नेतात?
- शंका विचारली तर ऐकून घेतात, की विश्वास कमी पडतो असे म्हणतात?
- आपले म्हणणे आणि देवाची इच्छा यांत ते फरक करतात का?
- त्यांनी सुचवलेली वाट नाकारली, तरी नाते टिकेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर विशेष जपावे. देवाच्या नावाने दिलेला हुकूम मोडणे तरुणांना फार जड जाते, आणि चुकीच्या वाटेवर वर्षे निघून जातात. रमाबाईंनी जेराल्डिन यांचे सगळे ऐकले असते, तर कदाचित त्या आज्ञाधारक शिष्या झाल्या असत्या. पण केडगाव उभे राहिले असते का, हा प्रश्नच आहे.