खडकीची लढाई टेबलावर मांडताना

दिवाळीत पुण्याच्या बिबवेवाडीतील सोसायट्यांच्या आवारात मातीचे किल्ले उभे राहतात आणि त्यांवर रंगवलेले मावळे मांडले जातात; मात्र ही मांडणी पाहण्यासाठी असते, तिच्यात चाल नसते. अशाच छोट्या सैनिकांना मोजपट्टी, फासे आणि ठरीव नियम यांच्या आधारे लढवण्याचा छंद युरोपात रुजला आणि एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून त्याचे नियम मांडले. या खेळात सैन्य कसे निवडावे, याविषयी दोन पद्धती आहेत.

पहिली गुणांची. शस्त्र, चिलखत, धैर्य यांवरून प्रत्येक तुकडीची किंमत ठरते आणि दोन्ही खेळाडू समान बेरजेचे सैन्य उभे करतात. बुद्धिबळात वजिराचे नऊ, हत्तीचे पाच आणि प्याद्याचा एक गुण धरतात, तसाच हा हिशेब असतो. अनोळखी खेळाडूंना त्यामुळे लगेच डाव मांडता येतो आणि स्पर्धा तर गुणांवाचून भरवणे कठीणच. ‘वॉरहॅमर : एज ऑफ सिग्मार’ हा खेळ २०१५ मध्ये गुणांशिवाय बाजारात आला, पुढच्याच वर्षी प्रकाशकांना गुण परत आणावे लागले. तरीही ही किंमत सरासरी मैदान गृहीत धरते, आणि चिखलात रुतलेल्या घोडदळाचे गुण कागदावर तेवढेच राहतात.

पुण्याजवळच्या खडकीला नेमके हेच घडले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या सुमारे २,८०० सैनिकांसमोर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे कित्येक पटींनी मोठे, मुख्यतः घोडदळाचे सैन्य उभे होते आणि पेशवा दुसरा बाजीराव बिबवेवाडीजवळच्या पर्वतीवरून लढाई पाहत होता, असे सांगितले जाते. कंपनीची एक पलटण रांग सोडून पुढे आली, ती संधी साधून गोखल्यांनी घोडदळ सोडले, पण वाटेतल्या दलदलीने त्या हल्ल्याचा जोर मोडला. गुणांची बरोबरी साधण्यासाठी गोखल्यांचे सैन्य कमी केले, तर उरते ती कोणतीही एक लढाई, खडकीची नव्हे.

दुसरी, प्रसंगनिष्ठ पद्धत सैन्ये विषमच ठेवते आणि समतोल उद्दिष्टांतून साधते. कंपनीच्या जनरल स्मिथची कुमक पोहोचण्यापूर्वी तिची फळी फोडणे, ही गोखल्यांच्या विजयाची अट ठरवता येते. अडचण दलदलीची आहे, कारण इतिहास वाचलेला खेळाडू ती टाळणारच. त्यावरचा उपाय जुनाच आहे: प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झने रूढ केलेल्या नकाशावरील युद्धखेळात पंच असे, आणि प्रत्येक बाजूला दिसू शकेल तेवढेच तो सांगत असे. पंचाने दलदलीची जागा फासे टाकून गुपचूप ठरवली, म्हणजे गोखल्यांची भूमिका घेणाऱ्यालाही हल्ल्याचा निर्णय त्यांच्याच अंधारात घ्यावा लागतो, आणि या पद्धतीचे खरे मोल तिथेच आहे.

अर्थात प्रसंग रचणाऱ्याचा अंदाज चुकला तर एका खेळाडूची संध्याकाळ वाया जाते, म्हणून विषमता किती आहे हे आधी जोखण्यापुरते गुण वापरणे शहाणपणाचे. काही प्रसंगांत मात्र तेही पुरत नाही. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंड अडवली, ती शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंतचा वेळ मिळवण्यासाठी. तिथे बाजीप्रभूंची तुकडी संपणार हे धरूनच डाव मांडावा लागतो. अशा वेळी बाजू बदलून दोनदा खेळावे आणि ज्याच्या हाताखाली खिंड अधिक वेळ टिकली त्याला विजयी ठरवावे.