संमती आणि पसंती

मुलीच्या विवाहाला वडिलांची संमती आणि पसंती या एकच गोष्टी मानण्याची आपल्याकडे रीत आहे. पसंती नसली की संमती अडते. ती द्यावी लागलीच, तर नापसंती जन्मभर जावयाच्या ताटात वाढली जाते. जवाहरलाल नेहरूंनी १९४२ मध्ये या दोहोंची फारकत केली.

फिरोज गांधी नेहरू कुटुंबाला परके नव्हते. आनंदभवनात त्यांचा राबता होता. कमलाबाईंच्या अखेरच्या आजारात ते युरोपात त्यांच्याजवळ होते. तरीही इंदिरेसाठी हे स्थळ नेहरूंच्या मनास येईना. अडचण पारशी धर्माची नव्हती. नेहरूंच्या दोन्ही बहिणींनी काश्मिरी पंडितांबाहेर विवाह केले होते. विजयालक्ष्मींचे पती रणजित पंडित तर मराठी घराण्यातले. नेहरूंना घोर होता तो लेकीच्या नाजूक प्रकृतीचा आणि दोन घरांच्या वळणांतील अंतराचा. गांधीजींचा सल्ला घे, असे त्यांनी तिला सुचविले. त्यात थोडी चालढकलही असावी! गांधीजींनी मात्र होकार दिला.

बातमी फुटताच सनातन्यांच्या संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. तेव्हा नेहरूंनी जाहीर निवेदन केले : आईबापांनी सल्ला द्यावा, निर्णय मात्र त्या दोघांचाच. स्वतःला न रुचलेल्या विवाहामागे त्यांनी आपली सारी प्रतिष्ठा उभी केली. आपापला धर्म न सोडता हिंदू-पारशी विवाह नोंदविण्याची सोय तेव्हाच्या कायद्यात नव्हती. ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने झाली. २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादेस वैदिक विधीने हे लग्न लागले. वधूच्या अंगावरील साडीचे सूत वडिलांनी तुरुंगात कातलेले होते. नापसंत विवाहासाठी याहून मोठा आहेर कोणता?

पुढे हा संसार विसकटला. तेव्हा बापाचीच शंका खरी ठरली, असे म्हणणारे निघतील. पण तेवढ्याने विवाह रोखण्याचा अधिकार बापाला मागाहून प्राप्त होत नाही. शिवाय इंदिराबाई दिल्लीत राहू लागल्या त्या वडिलांचे घर सांभाळण्यासाठी. त्या दुराव्यात वडिलांच्या घराचाही वाटा होताच. फिरोज यांनी डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत मुंदडा प्रकरण उघड केले आणि सासऱ्यांच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. सप्टेंबर १९६० मध्ये फिरोज निवर्तले. अंत्यदर्शनाला लोटलेला जनसमुदाय पाहून, हा माणूस लोकांना इतका प्रिय होता याचे नेहरूंना नवल वाटले, असे सांगतात.