इंग्रजी शिकवायला इंग्रजच हवा का?

क्लासच्या जाहिरातीत ‘परदेशी शिक्षक’ छापलं की फी वाढते आणि पालक ती पोटाला चिमटा काढून भरतात. त्यामागचे समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : ज्याची मातृभाषा इंग्रजी, तोच ती उत्तम शिकवतो.
वस्तुस्थिती : १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथल्या इंग्रजी-अध्यापनाच्या परिषदेने या समजाला बळ दिलं. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२च्या ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअलिझम’ या पुस्तकात तो खोडून काढला. बोलणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी भाकरी खाल्ली’ असं का, हे मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला समजावताना आपणही अडखळतोच.

गैरसमज २ : मराठी शिक्षकाकडे शिकलं की चुका मुरतात.
वस्तुस्थिती : चुकीचं मूळ बहुतेकदा त्यालाच आधी सापडतं. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ असं मूल लिहितं, कारण मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ चालतं. इंग्रजीत मात्र ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅव’ गळतं, ‘आय सॉ हिम’ म्हणावं लागतं. इंग्रजी स्वतः शिकलेल्या शिक्षकाला विद्यार्थी कुठे अडखळणार हे आधीच कळतं, असं हंगेरीचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पीटर मेद्येश यांनीही मांडलं आहे.

गैरसमज ३ : गोऱ्या माणसाचा उच्चार तेवढा शुद्ध.
वस्तुस्थिती : ग्लासगो, टेक्सास आणि सिडनीचे उच्चार एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय जगात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपेक्षा ती शिकून बोलणारेच जास्त आहेत. उच्चार समजण्याजोगा हवा. द्राक्षाची दारू ‘वाइन’ आणि द्राक्षाचा वेल ‘व्हाइन’, या इंग्रजी शब्दांच्या उच्चारात आपली अनेकदा गल्लत होते. दारूसाठी ओठांचा चंबू करायचा आणि वेलासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, हे दाखवणारा शिक्षक गावातलाही असू शकतो.

गैरसमज ४ : मग परदेशी शिक्षक नकोतच.
वस्तुस्थिती : तेही तितकंच चूक. रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार, तिथली रीत त्यांच्याकडून सहज मिळते. फक्त त्यांनाही शिकवण्याचं प्रशिक्षण हवं.

पालकांनो, नाव घालण्याआधी शिक्षकाचं प्रशिक्षण आणि अनुभव विचारा, एक तास वर्गात बसून पाहा. मूल न घाबरता प्रश्न विचारतंय आणि त्याला नीट उत्तर मिळतंय, तर तुम्हाला योग्य शिक्षक सापडला आहे.